दर शनिवारी मी खोटं बोलते का?

पत्र थोडक्यात: ठाण्याच्या एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, ताई, वय एकसष्ट. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. एकुलता एक मुलगा, सून आणि दोन नातवंडं इस्राएलमधल्या अश्दोदला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिकडे युद्ध पेटल्यापासून ताईंची झोप उडाली ती उडालीच, आणि जून २०२५ मधल्या इराणबरोबरच्या त्या बारा दिवसांच्या युद्धानंतर छातीत धडधड सुरू झाली. तिकडच्या सायरनचं अ‍ॅप मोबाइलवर आहे आणि मोबाइल रात्रभर उशाशी. डॉक्टरांनी तपासण्या करून एक गोळी लिहून दिली. त्यावर नात्यातले एक वडीलधारे म्हणाले, "देवावर भरवसा असता तर गोळी लागली असती का?" मुलाने आणून दिलेल्या छोट्या पुस्तकातून ताई दर शनिवारी संध्याकाळी एकट्याच हवदाला, म्हणजे शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिवस) संपवण्याची प्रार्थना, करतात. तिची सुरुवातच अशी आहे: 'हिन्ने एल येशुआती, एवताह वेलो एफहाद'. पाहा, देव माझं तारण. मी भरवसा ठेवीन, भिणार नाही. ताई लिहितात, "हे म्हणताना माझा हात इतका थरथरतो की प्याला बशीत लवंडतो. म्हणजे मी दर शनिवारी देवासमोर खोटंच बोलते ना? असा एखादा पासूक (शास्त्रातलं वचन) सांगा की तो म्हटला की भीती जाईल. आणि गोळी घ्यावी की नाही, तेही सांगा."

ताई, शालोम.

आधी गोळीचं, कारण ते लवकर संपतं. घ्या. डॉक्टरांनी सांगितली तशी, सांगितली तितकी घ्या, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. शेमोथच्या (बायबलमधलं निर्गम) एकविसाव्या अध्यायात मारामारीत जखमी झालेल्या माणसाबद्दल एक नियम आहे. ज्याने मारलं त्याने त्याला बरं करवून द्यावं, 'वे-रापो येरापे'. तालमूद या आपल्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, या दोन शब्दांवरून ठरवलं की वैद्याला बरं करण्याची परवानगी इथे मिळाली. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी विचारला होता आणि त्याचं उत्तरही देऊन झालं आहे. त्या वडीलधाऱ्यांना चष्मा लागतो का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, हे मात्र विचारायला जाऊ नका. उगाच भांडण होईल.

आता पासूक. तुमच्या पत्रात एक गंमत झाली आहे, रागावू नका. तुम्ही गोळीकडून श्रद्धेचा हिशेब मागताय आणि पासूककडून गोळीचं काम. तोंडात टाकली, पाणी प्यायलं, अर्ध्या तासात धडधड थांबली, असं पासूकने करावं ही अपेक्षा. तसं झालं नाही की दोष आपला, भरवसा कमी पडला. मी तुम्हाला हसत नाही. आपल्यातल्या पुष्कळ घरांत असंच चालतं, आणि त्याला कारणही आहे. आपल्याला हिब्रू वाचता येतं, पण ते आत पोहोचत नाही. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याने खास बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. त्याचा हेतू आपल्याला बाटवायचा होता, ते सोडा, पण शब्दांचा अर्थ कळला पाहिजे ही नड खरी होती. ती अजून पुरती भागलेली नाही. आपण अक्षरं बरोबर लावतो, चाल बरोबर लावतो आणि अर्थ मनाशी अंदाजाने धरतो.

तर 'एवताह वेलो एफहाद' काय म्हणतं ते नीट बघू. हे यशाया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या बाराव्या अध्यायातलं दुसरं वाक्य. तुमच्या पुस्तकात पहिलं वाक्य छापलेलं नाही. ते असं सुरू होतं: 'वे-आमार्ता बायोम हाहू', आणि त्या दिवशी तू म्हणशील. कुठल्या दिवशी? एक पान मागे, अकराव्या अध्यायात जा. लांडगा कोकराबरोबर राहील, चित्ता करडाशेजारी बसेल, पांगलेले लोक चारी दिशांनी परत येतील, तो दिवस. अश्दोदमध्ये तो दिवस अजून उजाडलेला नाही, ताई. ठाण्यातही नाही.

म्हणजे 'मी भिणार नाही' ही आजची हजेरी नाही. संदेष्टा आपल्याला पुढच्या दिवसाचं गाणं आधीच शिकवून ठेवतो आहे, जशा आपल्या आज्या नातीचं लग्न ठरायच्या आधीच हळदीची गाणी पाठ करून घ्यायच्या. नात तेव्हा परकर-पोलक्यात असायची, गाण्यात मात्र नवरी म्हणून मिरवायची. ते कुणाला खोटं वाटत नसे. 'एवताह' हे क्रियापदही बघा. त्याचा अर्थ 'ठेवीन'. आजच्या हिब्रूत तो सरळ भविष्यकाळ आहे. तुमच्या नातवाला विचारा, तो सांगेल. त्याच धातूतून आलेला 'बेताह' हा शब्द त्याच्या तोंडी दिवसातून वीस वेळा असणार. येतोस का, तर बेताह, म्हणजे नक्की. आणि देशाच्या संरक्षणालाही तिथे याच धातूचा शब्द आहे, 'बिताहोन'. भरवसा आणि सुरक्षितता यांना एकच शब्द पुरवणारी भाषा ही. त्यामुळे आपला गोंधळ होणारच. भरवसा ठेवला म्हणजे सुरक्षित वाटलंच पाहिजे, असं आपण धरून चालतो.

पण तुम्हाला आजच्या रात्रीसाठी काहीतरी हवं आहे, लांडगा-कोकराच्या दिवसासाठी नव्हे. मग तेहिल्लीम, म्हणजे स्तोत्रांचं पुस्तक, उघडा, छप्पन्नावं स्तोत्र. हिब्रू पुस्तकात चौथा पासूक. मराठी बायबलमधून वाचणाऱ्या आपल्या ख्रिस्ती मैत्रिणींना तो तिसरा दिसेल, कारण हिब्रूत स्तोत्राचं शीर्षकही मोजणीत धरतात. पाच शब्द आहेत: 'योम इरा, अनी एलेखा एवताह'. ज्या दिवशी मी भिईन, मी तुझ्यावर भरवसा ठेवीन.

क्रियापद तेच, एवताह. पण शेजार बघा कुणाचा आहे. तिथे 'भरवसा ठेवीन, भिणार नाही' होतं, इथे भीती आधीच घरात येऊन बसलेली आहे. 'जर' भ्यालो तर, असंसुद्धा म्हटलेलं नाही. भीतीला चक्क एक दिवस दिला आहे, जसा सणाला असतो. भरवशाला भीती निघून जाईपर्यंत दाराबाहेर थांबावं लागत नाही, दोघं एकाच पाटावर बसतात. तुमच्या थरथरत्या हाताला हा पासूक बरोबर बसतो. तो म्हणताना तुम्ही तसूभरही खोटं बोलत नाही.

आणि हे कुणी म्हटलं? शीर्षकात दिलं आहे: दावीदला शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, गथमध्ये धरलं तेव्हाचं. गथची जागा आज तेल एस-साफी म्हणून दाखवतात, अश्दोदहून गाडीने तासाच्या आत पोहोचता येईल. अश्दोद आणि गथ ही दोन्ही पलिष्ट्यांच्या पाच शहरांतली. म्हणजे तुमची सून ज्या जमिनीवर पोरांना घेऊन जिना उतरते, त्याच टापूतली ही भीती आहे.

ती गोष्ट शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात आहे, एकविसावा अध्याय, आणि बालवर्गात ती सहसा शिकवत नाहीत. दावीद शौल राजाच्या तावडीतून पळाला आणि आगीतून फुफाट्यात, थेट शत्रूच्या राजाकडे, आखीशकडे, गेला. दरबारातल्या लोकांनी त्याला ओळखलं. शास्त्र लिहितं, 'वायीरा मेओद', तो फार घाबरला. महाकाय गल्याथला लोळवणारा दावीद. आणि मग त्याने काय केलं? वेड्याचं सोंग घेतलं. वेशीच्या दारांवर ओरखडे काढले, दाढीवरून लाळ गाळली. आखीश वैतागून म्हणाला, माझ्याकडे वेड्यांची कमी आहे का, म्हणून याला आणलंत? आणि दावीद सुटला.

परंपरा त्या दाढीवरून लाळ गाळणाऱ्या माणसाच्या तोंडी हे स्तोत्र देते. भरवसा ठेवीन म्हणाला, आणि जीव वाचवायला जे सुचलं तेही केलं, लाज गुंडाळून ठेवून. कुणी त्याला म्हटलं नाही की भरवसा असता तर लाळ गाळावी लागली असती का. तुमची गोळी त्यापुढे फारच सभ्य आहे.

याच स्तोत्रात पुढे एक ओळ आहे, ती मला जास्त आवडते. माझी आसवं तुझ्या पखालीत भरून ठेव, असं तो देवाला सांगतो. हिब्रूत तिथे श्लेष आहे: 'नोद' म्हणजे वणवण आणि 'नोद' म्हणजे पाण्याची कातडी पखाल. माझी वणवण तू मोजलीस, आसवं पखालीत घाल. वाळवंटात पखालीतलं पाणी कुणी सांडून टाकत नाही. रडू नकोस, असं कुठेच म्हटलेलं नाही, हे ध्यानात घ्या.

आता तुमच्या उशाशी असलेल्या मोबाइलकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं.

तुम्ही पत्रात यशायाच्या एकेचाळिसाव्या अध्यायातला दहावा पासूकही दिला आहे, 'अल तीरा की इम्मेखा आनी', भिऊ नकोस, मी तुझ्याबरोबर आहे. फ्रिजवर चिकटवला आहे म्हणालात. त्याचा पुढचा तुकडा आपण 'घाबरू नकोस' म्हणून उरकतो, पण हिब्रू शब्द वेगळा आहे: 'अल तिश्ता'. या क्रियापदाचं मूळ 'पाहणं' या धातूत आहे असं पुष्कळ जाणकार मानतात. म्हणजे कावऱ्याबावऱ्या नजरेने सारखं इकडेतिकडे बघत राहू नकोस. ज्यांना हे सांगितलं ते लोक बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदिवान होते आणि कुठून काय येईल म्हणून चहूकडे डोळे लावून बसले होते. तुमचे डोळे एका पडद्याला लागलेत, इतकाच फरक.

त्या अ‍ॅपचं काम समजून घ्या. अश्दोदमध्ये रॉकेटचा सायरन वाजला की आडोशाला पोहोचायला पंचेचाळीस सेकंद असतात. इशारा त्यांच्यासाठी आहे, ज्यांना त्या पंचेचाळीस सेकंदांत पोरांना उचलून पळायचं आहे. तुम्ही ठाण्यात आहात, तुम्हाला कुठे पळायचं आहे? शरीराला मात्र हे कळत नाही. अ‍ॅप वाजलं की तुमचंही शरीर पळायच्या तयारीने उठतं, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आणि मग पळायला जागाच नाही म्हणून ती सगळी तयारी अंगातच साचून राहते. रात्री तीनदा असं झालं तर सकाळी माणूस उभं कसं राहणार? आणि त्याच क्षणी तुम्ही फोनही लावता, असं लिहिलंय. ताई, त्या क्षणी सूनबाईच्या एका हातात धाकटा असतो.

ते अ‍ॅप आजच काढून टाका. बातम्या दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, वाचून घ्या, टीव्हीवर नको. झोपायच्या आधी तर नकोच.

त्या जागी काय ठेवायचं? इस्राएलमध्ये 'गल शाकेत' म्हणून एक सोय आहे, शांत लहर. १९९१च्या आखाती युद्धात सुरू झाली. शब्बाथ पाळणारी माणसं शुक्रवारी संध्याकाळी रेडिओ चालू करून ठेवतात, त्यावर ना गाणी ना बातम्या, काहीच लागत नाही. इशारा असेल तेवढाच वाजतो. रेडिओ गप्प आहे याचा अर्थ ठीक आहे. घरोघरी लोक त्या गप्प रेडिओशेजारी झोपतात. मुलाशी तसंच ठरवून घ्या. शब्बाथ सोडून रोज एक निरोप, एकाच वेळी. उन्हाळ्यात ते आपल्या अडीच तास मागे असतात, हिवाळ्यात साडेतीन. तेव्हा त्याची सकाळची वेळ धरा, पोरांना शाळेत सोडल्यानंतरची, म्हणजे तुमच्या जेवणाच्या सुमारास निरोप येईल. 'आई, सगळे ठीक', बास. बाकी वेळ गप्प म्हणजे ठीक. काही झालं तर कोण कळवील, सून की तिची बहीण, तेही एकदा बोलून घ्या. हे बोलणं अवघड आहे, पण एकदाच करायचं आहे.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. १९९१ साली माझी थोरली बहीण बेर्शेबाला होती. तेव्हा रासायनिक अस्त्रांची भीती होती, म्हणून घरातली एक खोली प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीने बंद करून दाराखाली ओलं फडकं सारायचं आणि तोंडाला मुखवटा लावून बसायचं. मी रोज रात्री कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथवर उभी असायची. लाइन लागायची नाही, लागली तरी पहिली दोन मिनिटं मी नुसती रडायची, मीटर पळायचा. एकदा ती मुखवट्यातूनच म्हणाली, "अगं, तू फोन ठेवशील का? तुला धीर देता देता माझं फडकं वाळतंय." त्या दिवसापासून आमचं आठवड्यातून एकदा बोलायचं ठरलं. भीती गेली नाही. बूथची रांग गेली.

तालमूदात हिल्लेल या थोर रब्बीची एक गोष्ट आहे, ती तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच, म्हणून मीच सांगते. हिल्लेल वाटेने येत होता, गावातून आक्रोश ऐकू आला. तो म्हणाला, हा माझ्या घरातला नाही याची मला खात्री आहे. वाईट बातमीला जो भीत नाही तो असा, म्हणून त्याचं कौतुक आहे. असेल. पण तोच तालमूद दुसरीकडे मिश्लेतल्या (नीतिसूत्रांतल्या) एका वाक्यावर वाद घालतो: माणसाच्या मनात चिंता असेल तर काय करावं? एक रब्बी म्हणतो मनातून झटकून टाकावी, दुसरा म्हणतो ती दुसऱ्यांना बोलून दाखवावी. ज्याला झटकता येते त्याने झटकावी, तो हिल्लेल. आपण दुसऱ्या रब्बीच्या मागे जाऊ.

कुणाला बोलून दाखवायचं? त्या वडीलधाऱ्यांना नाही. ठाण्यात, मुंबईत, अलिबाग-पेणच्या बाजूला मुलं-नातवंडं तिकडे असलेली किती घरं आहेत, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. शब्बाथला सिनेगॉगमध्ये तुमच्या पुढच्या बाकावर बसणारी बाई अर्ध्या रात्री जागीच असते, फक्त तिने मला पत्र लिहिलेलं नाही. तिला विचारा. आणि महिनाभरात झोप परतली नाही, जेवण सुटलं, किंवा सगळं संपलं तर बरं असे विचार यायला लागले, तर गोळी देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी मागा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मुलाला परत बोलवावं का, हेही तुम्ही एका ओळीत विचारलंय. विचारायचं तर एकदा विचारा, दिवसा, शांतपणे, आणि तो नाही म्हणाला तर ते त्याचं उत्तर समजा. त्याची बायकोही आहे तिथे, पोरांच्या शाळा आहेत.

तरी रात्री दोनला जाग येईलच, अ‍ॅप काढलं तरी. तेव्हा दिवा लावू नका. पाठ टेकून बसा. श्वास घेताना 'योम इरा' मनात म्हणा, सोडताना 'अनी एलेखा एवताह'. दोन शब्द आत, तीन बाहेर. सोडायचा श्वास घेण्यापेक्षा लांब हवा, त्याने काळजाची गती उतरते, हे कुठलेही डॉक्टर सांगतील. दहा-पंधरा वेळा करा. घाबरलेल्या माणसाला लांबलचक काही आठवत नाही. कोकणात नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज लागले, तेव्हा सगळं गेलं आणि एक शेमा (आपली मूळ प्रार्थना) तेवढा तोंडात राहिला असं आपण सांगत आलो, ते उगाच नाही. या पाच शब्दांत तर देवाचं नावही नाही, नुसतं 'तुझ्यावर' आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला नावाने हाक मारावी लागत नाही, तसं. आणि भीती गेली का, हे दर दोन मिनिटांनी तपासू नका. ते पुन्हा 'तिश्ता'च झालं.

हवदाला बंद करू नका. प्याला लहान घ्या, अर्धाच भरा. मसाल्याच्या डबीत लवंगा जुन्या झाल्या असतील तर बदला, वास नीट यायला हवा. तुमच्याकडे तारे दिसतात तेव्हा अश्दोदमध्ये अजून शब्बाथ चालू असतो आणि मुलाचा फोन बंद असतो. तेच दोन-तीन तास तुम्हाला सगळ्यात जड जातात असं मला पत्रावरून वाटलं. 'वेलो एफहाद' म्हणून मेणबत्ती विझवली की घरात बसू नका, शेजारी जा.

ताजा कलममध्ये तुम्ही विचारलंय, मुलासाठी एलियाहू हन्नाबीचा (एलिया संदेष्ट्याच्या नावाचा) मलिदा, पोह्यांचा तो नवसाचा प्रसाद, बोलला आहे, तो आता करावा की पोरं हनुक्का सणाच्या सुट्टीत येतील तेव्हा. आता करा. तेव्हा पुन्हा करता येईल. पोहे पातळ घेऊ नका, भिजवले की लगदा होतो. खोबरं खवायला त्या पुढच्या बाकावरच्या बाईंना बोलवा, दोन नारळ तरी लागतील.